घरचा दर

कृष्णनाथने कॅल्क्युलेटर तिच्याकडे फिरवला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "वयनी, बाहेर कुणाला सांगू नको हां. हा घरचा दर."

विनोदिनीने आकडा पाहिला. बत्तीस हजार. अगोदर त्याने पस्तीस सांगितले होते, मग कपाळाला आठ्या घालून, गोदरेजच्या कपाटाकडे एकदा नजर टाकून, मोठ्या मनाने तीन उतरवले होते. हाच फ्रिज, हाच रंग, हाच मॉडेल नंबर गेल्या महिन्यात पल्लवी त्याच दुकानातून साडेसत्तावीसला घेऊन गेली होती. पल्लवी विनोदिनीच्याच शाळेत मराठी शिकवायची. पार्से गावात तिच्या आईकडे तो फ्रिज लागला होता, आणि बिल अजून तिच्या पर्समध्ये होतं. पल्लवीची आणि कृष्णनाथची ओळखही नव्हती.

"कार्ड चालेल ना?" विनोदिनीने विचारलं.

"तुझं काय पण चालेल गो," कृष्णनाथ हसला. "घरातलं माणूस."

त्याने कार्ड मशीनमध्ये सरकवलं. तिने पिन दाबताना त्याने सभ्यपणे मान वळवली. तेवढी सभ्यता त्याच्याकडे होती.

डिचोलीच्या बाजारातलं ते दुकान एके काळी दोघा भावांचं होतं. मोठा दत्ताराम, विनोदिनीचा नवरा, गल्ल्यावर बसायचा आणि उधारी वसूल करायचा. धाकटा कृष्णनाथ माल आणायचा, दर लावायचा, वह्या लिहायचा. मग एका गणेशचवथीला, लाटंबार्श्याच्या मूळ घरी पन्नासेक माणसं पंगतीला बसलेली असताना, कृष्णनाथ म्हणाला होता की दुकानातले पैसे वर्षभर गळतायत, आणि गल्ल्यावर एकच माणूस बसतो. नाव घेतलं नव्हतं. घ्यायची गरज नव्हती. दत्तारामने पानावरचा भात संपवला, हात धुतले, आणि दुसऱ्या दिवसापासून दुकानात गेला नाही. खाणीच्या ट्रकवर ड्रायव्हर झाला. खाणी बंद पडल्या तसा ट्रकही उभा राहिला, आणि गेल्या साली दत्ताराम गेला. "पैसे घेतले होतेस?" असं विनोदिनीने त्याला एकदाच विचारलं होतं. "नाही," तो म्हणाला होता. "मग तिथे बोलला का नाहीस?" याला उत्तर आलं नव्हतं.

तेव्हापासून चवथीच्या पंगतीत ती वाढायला उभी राहिली की बायकांचं बोलणं किंचित हळू व्हायचं. चोराची बायको असं कुणी म्हटलं नाही. पण सामायिक वर्गणी गोळा करायचं काम तिच्याकडे पुन्हा कधी आलं नाही.

विनोदिनी विज्ञान शिकवायची. औषधाच्या खोक्यातली घडी केलेली पत्रकंसुद्धा ती वाचून काढायची, आणि क्रेडिट कार्डासोबत आलेली पुस्तिका तर तिने भिंग घेऊन वाचली होती. त्यात एक कलम होतं: कार्डावर घेतलेली वस्तू पुढच्या महिन्याभरात बाजारात कमी दराने विकली जात असल्याचं ग्राहकाने दाखवून दिलं, तर मधला फरक बँक परत करील. इंटरनेटवरचा दर चालणार नाही. खरेदीच्या आधीचं बिल चालणार नाही, म्हणजे पल्लवीचं बिल निरुपयोगी. छापील जाहिरात हवी, किंवा दुकानदाराच्या सही-शिक्क्याचं पत्र.

ते कलम वाचून तिला फरकाच्या रकमेपेक्षा सही आणि शिक्का हे दोन शब्द जास्त आवडले होते. ज्याने दत्तारामला चोर ठरवलं त्याने स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं, की भावाच्या बायकोला मी जो घरचा दर म्हणून सांगितला तो खोटा होता. आणि ते पत्र चवथीला, त्याच घरात, त्याच माणसांसमोर ती वाचणार होती. फ्रिजची तिला गरज नव्हती. जुना चांगला चालत होता.

अपेक्षेप्रमाणे चवथीच्या तोंडावर पेपरात घातलेलं कृष्णनाथच्या दुकानाचं रंगीत पत्रक घरी आलं. मिक्सर, पंखे, टीव्ही, आणि तिसऱ्या ओळीत तिचा फ्रिज. साडेसत्तावीस. तिने पत्रक, बिल, कार्डाचं विवरण या सगळ्याच्या प्रती बँकेला पाठवल्या; बँक एवढ्यावर भागवणार नाही, पत्रच मागेल, असा तिचा अंदाज होता.

आठवड्याने फोन आला. हिंदी बोलणारी एक मुलगी होती, फार गोड आवाजाची.

"मॅडम, पत्रकावर वर 'चवथीची खास सूट' असं लिहिलंय. सणाचे सेल आम्ही धरत नाही."

"पण ही सूट नाही. हा त्यांचा रोजचाच दर आहे."

"मग दुकानदाराकडून तसं पत्र आणा ना, मॅडम. हा आमचा नेहमीचा दर आहे, सर्व ग्राहकांना हाच लागतो, असं. सही आणि स्टॅम्प. बस, झालं काम."

"बस," विनोदिनी म्हणाली.

शाळा सुटल्यावर ती दुकानात गेली. चवथीची गर्दी होती. कृष्णनाथ एका जोडप्याला मिक्सरचं भांडं लावून दाखवत होता. तिने काय हवंय ते सांगितलं.

"अगो, ती चवथीपुरती सूट," तो हसत म्हणाला. "तू आधी येऊन घेतलंस, आता मी काय करू?"

"पल्लवीला जुलैत दिलास. तेव्हा कुठली चवथ होती?"

"कोण पल्लवी? तिला दुसरं मॉडेल गेलं असेल."

"नंबर तोच आहे. बिल पाहिलंय मी."

मिक्सर बघणारं जोडपं आता मिक्सर बघत नव्हतं. कृष्णनाथच्या हसण्यातलं हसू गेलं, फक्त दात राहिले.

"वयनी, घरच्या माणसाने दुकानात येऊन अशी हुज्जत घालू नये. बँकेतून पैसे काढायला मी खोटी पत्रं देऊ? आणि हिशोबाचं म्हणशील," त्याने मिक्सरचं झाकण दाबून बसवलं, "तर तुमच्या घरातून मला कुणी हिशोब न विचारलेला बरा."

तिने जोडप्यातल्या बाईकडे पाहिलं. बाईने नजर काढून घेतली. डिचोलीतलीच होती, म्हणजे तिलाही ठाऊक होतं.

"बरं," विनोदिनी म्हणाली, आणि बाहेर आली. रस्त्याच्या कडेला गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान विकायला बसलेल्या बायकांच्या रांगेतून ती चालत गेली. कांगलाची फळं, सुपाऱ्यांचे घड, कोवळे नारळ. तिने कांगलाचा एक झुपका विकत घेतला, कारण तिला हाताला काहीतरी धरायला हवं होतं. राग तिला कधी ओरडून येत नसे. तो थंड आणि नीट यायचा, आणि मुक्काम करायचा. वर्गात मुलांनी खोड्या केल्या तरी ती आवाज चढवत नसे; फक्त पुढचं प्रकरण सोडून त्याच प्रकरणावर पुन्हा परीक्षा घ्यायची.

चवथीच्या आदल्या संध्याकाळी ती लाटंबार्श्याला पोचली ती सरळ विठ्ठलकाकांच्या खोलीत गेली. विठ्ठलकाका सासऱ्यांचे चुलत भाऊ, घराण्यातले आता सगळ्यात म्हालगडे, वडीलधारे. आरती झाली की देवापुढे उभं राहून सगळ्यांच्या वतीने गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. कुणाच्या मुलाला नोकरी, कुणाच्या मुलीला स्थळ, कुणाच्या गुडघ्याला आराम, असं एकेकाचं नाव घेऊन ते मागत, आणि प्रत्येक मागण्यावर सगळे एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणत.

"काका, या वर्षी कृष्णनाथच्या दुकानासाठी मागा," विनोदिनी म्हणाली.

काका पानाला चुना लावत होते. "तुया? तेच्या दुकानासाठी?"

"बरकत मागा. आणि बाहेरच्या गिऱ्हाइकाला तो जो दर लावतो तोच घरच्यांना लावायची बुद्धी मागा."

काकांचं बोट चुन्यावर थांबलं. "बाये, गाऱ्हाण्यात घरातली भांडणा घालूक नयेत."

"यात भांडण कुठलं? सगळ्यांना एक दर, हे देवाकडे मागण्यात वाईट काय?"

काकांनी बोटाचा चुना पानावर पुसला. मग त्यांनी कोपऱ्यातल्या टीव्हीकडे पाहिलं. नवाच होता, अजून त्याच्या काचेवरचं प्लास्टिक काढलेलं नव्हतं.

"ह्यो टीवी मी तेच्याकडसून घेतलंय," ते सावकाश म्हणाले. "घरचो दर म्हणालो."

विनोदिनीने पिशवीतून रंगीत पत्रक काढून त्यांच्यासमोर ठेवलं. काकांनी चष्मा शोधला. पत्रक जवळ धरलं, लांब धरलं, पुन्हा जवळ धरलं. मग पान तोंडात घातलं आणि पत्रकाची घडी करून उशीखाली सारली.

"आणि काय मागूया तुका?" त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आरती झाली. माटोळीखाली घरची झाडून सगळी माणसं दाटीवाटीने उभी होती. कापूर अजून जळत होता. विठ्ठलकाका पुढे झाले, खांद्यावरचं उपरणं सारखं केलं.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज जी काय ही तुझी लेकरा तुझ्या पायांकडे येवन उभी रवली आसत, तेंका सांबाळून घी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

नोकऱ्या झाल्या, स्थळं झाली, कमलाक्षी आत्याचे गुडघे झाले. मुलं चुळबुळ करायला लागली. आतून खतखत्याच्या भाजीचा वास येत होता. मोठी माणसं आता शब्द ऐकत नव्हती. काकांचा आवाज जिथे खाली उतरे तिथे सगळ्यांची तोंडं आपोआप उघडत होती.

"ह्या कृष्णनाथाच्या दुकानाक भरभरून बरकत दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज कृष्णनाथचा होता. हात जोडलेले, डोळे मिटलेले.

"भायल्या गिऱ्हाइकाक तो जो दर लायता, तोच आपल्या घरच्यांकय लावची तेका बुद्धी दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळीही तोच आवाज वर होता. मग कृष्णनाथचे डोळे उघडले.

"तेणा विनोदिनीक महाग फ्रिज इकलो. तेच्यापायी तिका बँकेक कागद देवचो आसा. तो तेच्या हातान आज, हयच, लिवन होवंदे म्हाराजा!"

"व्हय..." कृष्णनाथचं 'व्हय' बाहेर पडलं आणि 'म्हाराजा' घशात राहिलं. बाकीच्यांचं पूर्ण झालं. मुलांनी तर ओरडून म्हटलं.

काका वळून खाली बसले, जणू दरवर्षीसारखंच सगळं झालं होतं. समईच्या वाती सारख्या करायला कुणी पुढे झालं नाही.

"काय रे कृष्णनाथा," कमलाक्षी आत्या म्हणाली. ती सासऱ्यांची बहीण. ऐकायला कमी येत असे, म्हणून सगळं मोठ्याने बोलायची. "म्हणजे आता एक दर नाय लायत तू?"

"आत्ये, देवासमोर काय ही चर्चा?"

"देवासमोरच तर म्हटलंस! मीया आयकलंय, माका आयकाक येना तरी!"

कुणीतरी हसलं. कृष्णनाथने भिंतीला टेकलेल्या भावकीकडे पाहिलं. त्यातल्या प्रत्येकाच्या घरात त्याच्या दुकानातलं काही ना काही होतं. त्याने हात पसरले.

"ऐका. घरचे लोक कधी रोख देतात? हप्त्याने नेतात, आठवण केली तर रागावतात, लग्न आलं म्हणून दोन हप्ते बुडवतात. मी ते कुठून भरून काढायचं? थोडं वर लावावंच लागतं. धंदा आहे तो. पहिल्यापासून आहे. मी काय एकट्यानेच..."

"मी रोख दिले," विनोदिनी म्हणाली. "कार्डाने. त्याच मिनिटाला."

कृष्णनाथने पसरलेले हात खाली घेतले. पण कमलाक्षी आत्याचं अजून संपलं नव्हतं. ती बोटांवर मोजत काहीतरी आठवत होती.

"पयल्यापासून? खोटा बोलू नको. मिक्सर घेतलंय तेव्हा दत्ताराम वसूल करूक येय. तेणा माका भायल्यांचोच दर लावल्यान. शेजारच्या लक्ष्मीन त्याच दिसाक घेतल्यान, तिणा दिल्यान तितकेच पैशे मीया दिलंय."

"माझा पंखाही," मागून एक पुतण्या म्हणाला. "दत्तारामकाका म्हणाला, वहीत जास्ती लिहिलंय, पण तू एवढेच दे, पुरे."

"शिवणयंत्र," आणखी कुणी म्हणालं. "माकाय तसाच सांगल्यान."

विनोदिनीला प्रथम कळलं नाही. तिने कृष्णनाथच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिथे ते उमटत जाताना तिला दिसलं. वहीत तो घरचा दर मांडत होता. दत्ताराम घराघरांतून साधा दर गोळा करून आणत होता. वर्षाअखेरीस मधलं अंतर गळती म्हणून दिसत होतं. आणि कुणाकडून किती आले हे कृष्णनाथ भावकीत विचारू शकत नव्हता, कारण विचारलं असतं तर घरचा दर काय चीज आहे ते सगळ्यांना कळलं असतं. भावाला चोर म्हणणं त्यापेक्षा सोपं होतं. कदाचित त्याला ते खरंही वाटलं होतं.

आता सगळ्यांनाच कळलं होतं. तिने पाहिलं, एकेक चेहरा आधी कृष्णनाथकडे, मग तिच्याकडे वळत होता. जे मिळवायला ती आली होती त्याच्या कितीतरी पट तिच्या पदरात पडलं होतं. कृष्णनाथच्या कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यापर्यंत आला होता आणि तो पुसत नव्हता.

"लिही," ती म्हणाली.

सणाच्या दिवसांत घरपोच माल टाकावा लागे म्हणून दुकानाचे छापील कागद आणि शिक्का त्याच्या गाडीतच असत. पुतण्याने आणून दिले. कृष्णनाथ मेजाशी बसला. तिने सांगितलं तसं त्याने लिहिलं: सदर मॉडेलचा आमचा नेहमीचा दर साडेसत्तावीस हजार असून तो सर्व ग्राहकांस लागू आहे. सही केली. शिक्का जरा वाकडा बसला.

"अजून एक ओळ," विनोदिनी म्हणाली. "श्रीमती विनोदिनी यांच्याकडून आम्ही जास्त रक्कम आकारली."

"बँकेला ती ओळ नको असेल."

"मला हवी आहे."

त्याने तीही लिहिली.

मग तिने तो कागद उभं राहून सगळ्यांना वाचून दाखवला, वर्गात प्रयोगाचं अनुमान वाचावं तसा, एकेक शब्द सुटा करून. काकांनी मान खाली घातली होती. पानं मांडली गेली, पण त्या दिवशी गोडाच्या नेवऱ्याही उरल्या.

संध्याकाळी ती मागच्या दारी भांडी विसळत होती तेव्हा सत्यवती, कृष्णनाथची बायको, येऊन शेजारी बसली. दोघींनी चार भांड्यांना राख लावली.

"झालं समाधान, वयनी?" सत्यवतीने विचारलं. आवाजात भांडण नव्हतं.

"तुला ठाऊक होतं?"

"घरच्या दराचं? होतं. भावोजींचं नव्हतं." तिने एक पातेलं पालथं घातलं. "आमचे हे दुपारपासून जेवले नाहीत. मुलांसमोर मान वर करत नाहीत. उद्या भावकीतला प्रत्येक जण दुकानाच्या दारात उभा राहील, माझे जास्तीचे दे म्हणून. द्यावेच लागतील. भावोजींनी हे सगळं पोटात ठेवलं, स्वतःवर घेतलं, आणि तुम्ही..."

"मी काय?"

"त्यांनी जे झाकलं ते तुम्ही उघडं केलंत, एवढंच म्हणते."

विनोदिनीचे हात थांबले. हे तिला दुपारीच सुचलं होतं, शिक्का वाकडा बसला त्या क्षणी. तिने ते बाजूला सारलं होतं. आता ते राखेच्या पाण्यासारखं समोर गढूळ साचून राहिलं. 'तिथे बोलला का नाहीस?' याला उत्तर नव्हतं असं नाही. बोलला असता तर भावकीतल्या प्रत्येक घरासमोर धाकट्या भावाची अब्रू गेली असती. म्हणून त्याने भात संपवला आणि हात धुतले. आपलं नाव देऊन त्याने भावाचं नाव राखलं होतं, आणि तेच आज तिने देवासमोर, त्याच्याच नावासाठी, चव्हाट्यावर आणलं होतं. दत्ताराम असता तर या क्षणी तिच्यावर रागावला असता. तिला त्याचा तो राग दिसत होता: कपाळाला आठी न घालता, फक्त चहा अर्धा ठेवून उठणं.

मग तिला त्याच्यावर राग आला. कृष्णनाथवर आला होता तसाच, थंड आणि नीट.

"सत्यवती," ती म्हणाली, "त्यांनी एकट्याने सोसलं असतं तर मी गप्प बसले असते. पण चोर ते एकटे नव्हते झाले. मीही झाले. मला कुणी विचारलं? तेवढी वर्षं पंगतीत मी वाढायला आले की तुम्ही सगळ्या आवाज खाली आणत होतात. तूसुद्धा. चांगलं नाव त्यांनी भावाला देऊन टाकलं. माझं होतं ते."

सत्यवतीने विसळलेली पातेली एकात एक रचली. थोड्या वेळाने ती उठली, आणि जाता जाता वळली.

"ते म्हणतायत, पत्र बँकेला पाठवू नका. फरक ते आजच देतात. दुप्पट देतात."

"नको."

"वयनी, बँकेचा माणूस उद्या दुकानात फोन करील. चार गिऱ्हाइकांसमोर त्यांना हो म्हणावं लागेल."

"हो," विनोदिनी म्हणाली. "करील."

दीड दिवसाचं विसर्जन आटोपून दुसऱ्या सकाळी ती पहिल्या बसने डिचोलीला परतली. कुरियरचं दुकान नुकतंच उघडत होतं. तिने पत्राची एक प्रत काढून घेतली, मूळ कागद पाकिटात घातला, बँकेचा पत्ता स्वच्छ अक्षरात लिहिला. मुलाने पाकीट वजनाच्या काट्यावर ठेवलं, आणि काटा हललाच नाही इतकं ते हलकं होतं. ती शाळेकडे निघाली तेव्हा समोर कृष्णनाथच्या दुकानाचं शटर वर गेलेलं होतं आणि पायरीवर कमलाक्षी आत्या, मांडीवर दत्तारामने दुकान सोडल्यानंतर घेतलेल्या इस्त्रीचं खोकं घेऊन, बसलेली होती. आत्याने तिला हाक मारली, मोठ्याने, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशी.

"विनोदिनी! वर्गणेचे पैशे पुढल्या वर्सा तुयाच जमव गो!"

विनोदिनीने हात वर केला, आणि थांबली नाही. घंटा व्हायला आली होती, आणि डोळे पुसायला तिला शाळेच्या नळापर्यंत पोचायचं होतं.